पाठवणीची हळद

“परत हळद.”

चाखणी पुटपुटली. मोठ्यानं बोलायची तिला मुभा नव्हती. रांगेतल्या माणसांना अपमान वाटतो म्हणून मयूरीनंच तिचा आवाज बारीक करून ठेवला होता. पण काचेवर थेंब सोडायला वाकलं की कान नेमका तिच्या जाळीपाशी यायचा, आणि मग दिवसभर ही कुरकुर ऐकावी लागायची.

“इंजिन ऑइल. स्कूटरचं. चांगलंच जळलेलं. कूलंट नाही, ब्रेक ऑइल नाही. परत हळद.”

“असू दे गं बाई,” मयूरी म्हणाली. “तुझं काय जातंय?”

‘गं बाई’ म्हटलं तरी चाखणीचा आवाज होता पुरुषाचा. मयूरीच्या धाकट्या भावाचा, ओंकारचा. यंत्र त्यानंच जुळवलेलं. आवाज द्यायची वेळ आली तेव्हा ‘बाहेरचा कशाला, घरचा घालू’ म्हणत तो एका दुपारी रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा गलका नको म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन बसला आणि लागतील ते सगळे शब्द घाम गाळत बोलून मोकळा झाला. त्यामुळे कुरकुरही घरचीच होती.

वांगरे गावचा पेट्रोल पंप बंद पडला त्याला आता दोन-तीन पावसाळे झाले होते. पत्र्याचं छप्पर तेच, खालचा काळपट ओटाही तोच. पूर्वी माणसं इथं पेट्रोल न्यायला रांग लावत, आता परत द्यायला लावत होती. पाटीवर लिहिलं होतं, ‘निचरा केंद्र’. लोक मात्र ‘पंपावर जाऊन येतो’ असंच म्हणत.

पंप बंद होणार असं कळलं तेव्हा गावानं साठा केला होता. माळ्यावर, न्हाणीघरात, एका घरी तर देवघराखाली कॅन भरून ठेवले गेले. पेट्रोल शिळं होतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. त्यातला हलका, चटकन पेटणारा भाग झाकणाच्या फटीतून उडून जातो, उरलेल्याला आंबूस वास येतो आणि तळाशी डिंकासारखा चिकटा धरतो. असलं पेट्रोल गाडीला चालत नाही आणि चुलीला चालत नाही. गटारीत ओतलं तर जमिनीखालच्या पाण्यात जायला मात्र ते एका पायावर तयार असतं.

इंजिन ऑइलची गोष्ट वेगळी. ते मरत नाही, नुसतं मळतं. नीट धुऊन गाळलं तर परत नवं होतं. इंजिन थंड ठेवणारं कूलंट चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं जाऊन तडफडून मरतात. ब्रेकचं तेल नावालाच तेल, ते बाकीच्यांशी कधी नांदत नाही. वाटीभर पडलं तरी पिंपभर ऑइल धुण्याच्या लायकीचं राहत नाही. म्हणून पिंपात ओतण्याआधी प्रत्येक कॅनची चव घ्यायची. माणसानं घ्यायची सोय नाही, म्हणून चाखणी. ती थेंबावर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकायची. प्रत्येक पदार्थ आपल्या स्वभावाप्रमाणे थोडा प्रकाश पिऊन टाकतो आणि थोडा परत देतो. जे परत यायचं त्यावरून ती ओळखायची की कॅनमध्ये कोण आहे आणि चोरून कोण बसलं आहे.

आणि हळद? ती मयूरीची कामगिरी.

सुरुवातीला कॅन द्यायला कुणी येईना. “गाडी भंगारात घातली, आता तिचं रक्तपण देऊ?” असं एका आजोबांनी तोंडावर विचारलं होतं. मयूरीनं घरातून ताट आणलं, आजोबांच्या कॅनला हळद-कुंकू लावलं, चिमूटभर हळद आत सोडली, नारळ फोडला आणि म्हणाली, “पाठवणी करू या. सासरी चाललीय असं समजा. तिकडं धुऊन-पुसून घेतात, नवी करतात.” आजोबा रडले आणि कॅन देऊन गेले. त्यानंतर गावात बिनहळदीचा कॅन आला असेल तर तो परगावचा.

“ताई, हे केमिकल आहे, नवरी नाही,” ओंकार वैतागायचा. पण चिमूटभर हळदीनं तेल धुण्यात काही बिघडत नव्हतं. मग त्यानं चाखणीला हळद ओळखायला शिकवलं, पुढं जायला शिकवलं आणि जाता जाता कुरकुरायलाही शिकवलं.

मयूरी पन्नाशीची. तिच्या जन्माच्या वेळी हे नाव इतकं नव्या फॅशनचं होतं की आजीला उच्चारता येत नव्हतं. आता शाळेतली पोरं ‘मयूरी म्हणजे म्हाताऱ्या बायकांचं नाव’ म्हणत. आई गेली तेव्हा ओंकार चौथीत होता. लग्न होऊन वांगऱ्याला आली तेव्हा मयूरी त्याला बरोबरच घेऊन आली. “लोकांच्या सुना भांडी आणतात, आमचीनं भाऊ आणला,” असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, आणि त्याच्या ताटात सगळ्यात मोठी भाकरीही त्याच वाढायच्या. तो इंजिनिअर झाला, शहरात राहिला आणि परत आला. केंद्राचं यंत्र त्याचं, टेम्पो त्याचा, भरलेली पिंपं तेल धुण्याच्या कारखान्यावर पोचवायचं कामही त्याचं. मयूरीकडं उरलं माणसांचं काम, म्हणजे गोड बोलणं आणि कॅन पुसणं.

त्या दिवशी रांगेत कलावतीमावशी उभ्या होत्या. खाणीजवळच्या वस्तीवरच्या. हातात कॅनऐवजी पाण्याची बाटली.

“मावशी, हे काय? तुमच्या लुनाचं ऑइल तर मागंच दिलंत.”

“दिलं की. मालकांच्या लुनाचं. मूठभर हळद घातलेली, आठवतंय न्हवं? तूच म्हणालीस, मावशी, पाठवणी करताय का लोणचं घालताय.” मावशी हसल्या, पण लगेच तोंड मिटलं. “हे विहिरीचं पाणी हाय. जरा तुझ्या मशिनीला चाखव.”

“का हो?”

“भाकरीला वास मारतोय. नातवंडं म्हणत्यात, आजी, भाकरी गाडीत बसून आली का? आणि आमची चंपी मेली गं. खाणीकडं जायची, तिकडचं कायतरी चाटून यायची. लघवी बंद झाली, चार दिवसांत कुत्री गेली.”

मयूरीच्या हातातला फडका थांबला. तिनं बाटलीतला वरचा थर काचेवर घेतला. रांग गप्प झाली होती, आणि शांततेत चाखणीचा बारीक आवाजही सगळ्यांना ऐकू गेला.

“पाणी. वर पातळ थर. जुनं पेट्रोल. इंजिन ऑइल, पुष्कळ गाड्यांचं. कूलंट.” जरा थांबून ती नेहमीच्या सुरात म्हणाली, “परत हळद.”

कुणी कुणाकडं बघितलं नाही. एक जण चपलेचा अंगठा नीट करू लागला. पिठाच्या गिरणीवाला पोपट म्हणाला, “मावशींच्या हाताला असंल. कालवण केलं असंल सकाळी.”

“राखेनं घासून आणलीय बाटली,” मावशी म्हणाल्या.

मयूरीला उत्तर माहीत होतं, कारण ते प्रत्येक स्वयंपाकघरात माहीत असतं. हळद पाण्यात विरघळत नाही, खाली साका होऊन बसते. तेलात मात्र तिचा रंग उतरतो, म्हणून तर फोडणी पिवळी होते. हाताची हळद बाटलीच्या तळाशी गेली असती. ही थरात होती, म्हणजे तेलात मुरून आली होती. आणि जळक्या ऑइलला हळद लावणारं गाव या भागात एकच होतं.

“बाटली ठेवून जा मावशी,” ती म्हणाली. “आणि ते पाणी पिऊ नका. मी टँकरचं बघते.”

जेवताना तिनं ओंकारला सांगितलं. त्यानं आमटीत भाकरी कुस्करली, बराच वेळ कुस्करली.

“खाणीवर जुने डंपर होते ना. गळती झाली असेल.”

“डंपरला हळद कुणी लावली?”

“ताई, चाखणी चुकते कधीकधी.”

“तू बनवलीयस ती.”

“म्हणूनच सांगतोय.”

तिनं त्याच्या ताटात भात वाढला. “उद्या टेम्पोबरोबर मी येते. कारखाना बघायचाय मला.”

“कशाला? नुसता वास असतो तिथं.”

“मला वासाचं सांगतोस? माझी साडी हुंगून बघ.”

सकाळी निघाले. टेम्पो विजेवरचा, आवाज न करणारा. त्यामुळं न बोलणं फार ऐकू येत होतं. फाट्यावर डावीकडं हमरस्ता होता, तिकडं कारखाना. उजवीकडं खाण. ओंकारनं टेम्पो उभा केला, स्टिअरिंगवर हात ठेवून बसला आणि मग उजवीकडं वळवला.

खाणीच्या तळाशी मुरूम ओतून सपाट केलेला एक चौकोन होता. भोवतीची करवंदाची जाळी करपून काळी झाली होती. मुरमाच्या कडेला एक डबकं साचलेलं, त्यावर मोरपिसासारखे रंग. कुणाला वाटावं, काय सुंदर दिसतंय.

“कारखाना बंद झालाय,” ओंकार म्हणाला. “मागच्या दिवाळीच्या आधी. पेट्रोलच्या गाड्याच संपत आल्या, मग धुवायला तेल येणार कुठून? दुसरा आहे तो पार समुद्राकडं, आणि तो इतक्या लांबचं घेत नाही. मी फोन करून करून थकलो.”

“मग?”

“मग काय? पिंपं साठत चालली. म्हटलं, थोडे दिवस इथं ठेवू. खाली जाड प्लॅस्टिक टाकलंय, ताई. आणि काळा कातळ आहे हा. यातून काय जाणार?”

मयूरीनं समोरच्या कड्याकडं बघितलं. खाणीत वर्षानुवर्षं सुरुंग उडवलेले. कातळात वरपासून खालपर्यंत भेगा होत्या, भाजलेल्या मडक्यासारख्या. याच भेगांतून पाणी झिरपत खाली वस्तीच्या विहिरीत उतरतं. लहान मुलांनाही माहीत होतं, उन्हाळ्यात ती तिथं ओल शोधायला हात घालत. त्यानं प्लॅस्टिक अंथरलं आणि हा कडा बघितलाच नाही. की बघितला?

“ठेवलं म्हणतोस. पिंपं कुठायत?”

ओंकारनं बुटाच्या टोकानं मुरूम उकरला.

“ओम्या, पिंपं कुठायत?”

“पिंपं केंद्राला परत लागायची ना.”

ती खाली दगडावर बसली. गेल्या दिवाळीपासून ती रोज उठून दारोदार जात होती. म्हाताऱ्यांच्या माळ्यावर चढत होती. शपथा घालून, लाडीगोडी लावून शेवटचा शेवटचा कॅन काढून आणत होती. “मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू केंद्र बंद केलं असतंस.”

“हो.”

“आणि लोकांनी परत गटारीत ओतलं असतं.”

“प्रत्येकानं आपल्या दारात थोडं ओतलं असतं. आपण गावभरचं गोळा करून एका विहिरीच्या डोक्यावर ओतलं.” तिच्या तोंडून ‘आपण’ निघालं आणि तिचं तिलाच कडू लागलं.

“तुझ्यासाठी केलं ग, ताई. इतकी खूश असायचीस. सगळे ‘ताई ताई’ करत यायचे. ते मोडताना मला बघवलं नसतं.”

चोरी केली असती, व्यसन लागलं असतं, तर तिला ओरडता आलं असतं. त्यानं म्हणे हे तिच्या तोंडाकडं बघून केलं होतं. रोज संध्याकाळी ती विचारायची, ‘पोचलं का रे नीट?’ आणि तो म्हणायचा, ‘पोचलं.’ मग ती निवांत भाकऱ्या थापायची.

“परवा सभा आहे,” ती म्हणाली. “टँकरसाठी तालुक्याला फोन केला, तर पाणी शुद्ध करणारं पथकच येतंय.”

“मी सांगतो. तू नको बोलूस, मला सांगू दे. तुझी शपथ, ताई.” त्यानं हात पुढं केला. चौथीतल्या पोराचाच हात. तिनं तो धरला. तिला वाटलं, एवढं तरी त्याला करू द्यावं.

सभा पंपाच्या छपराखालीच भरली. वस्तीवरची माणसं एका बाजूला, गावातली दुसऱ्या. गावाला धरणाचं नळाचं पाणी होतं. विहिरीवर फक्त वस्ती जगत होती. पथकाच्या इंजिनिअर फरहाना मुल्ला उन्हानं रापलेल्या, बोलायला सरळ.

“मला एकच गोष्ट हवी आहे,” त्या म्हणाल्या. “हे आलं कुठून? जाता-येता सांडलेलं असेल तर विहिरीवरचा थर आम्ही शोषून घेतो, दोन दिवसांत पुढच्या गावाला जातो. पण वर कुठे साठा असेल तर गोष्ट वेगळी. आधी तो उपसायला हवा. मग भेगांमध्ये तेल खाणारे जिवाणू सोडायचे. ते गुणी आहेत, पण नाजूक. नुसत्या पेट्रोलमध्ये सोडले तर मरतात. म्हणून जागा कळली पाहिजे आणि काय काय मिसळलंय ते कळलं पाहिजे. शोधत बसले तर वर्ष जाईल, आणि तोवर पाऊस सगळं खाली नेईल. एकदा खोल गेलं की त्या विहिरीचं पाणी तुमची नातवंडंसुद्धा पिऊ शकणार नाहीत.”

सरपंच रणजितदादा खाकरले. “गळतीच असणार, मॅडम. जुने डंपर होते.”

“डंपरच,” पोपट म्हणाला.

“हळद सापडली म्हणत्यात,” कलावतीमावशी म्हणाल्या.

“आता मावशी, हळद काय, कुणाच्याही घरात असते.” कुणीतरी हसलं. त्या हसण्याला साथ द्यायला दोघं-तिघं पुढं आले आणि मधेच थांबले.

मयूरी ओंकारकडं बघत होती. तो चाखणीशेजारी उभा होता. आता बोलेल, असं तिला वाटलं.

“नमुना परत तपासून दाखवतो,” ओंकार म्हणाला. “सगळ्यांसमोर.” त्यानं चाखणीचा आवाज मोठा केला. मयूरीच्या मनात आलं, शहाणा आहे माझा. स्वतःच्या तोंडानं जमत नाही, म्हणून यंत्राकडून बोलवतोय. आवाज त्याचाच तर आहे.

थेंब काचेवर पडला. प्रकाश बदलत गेला.

“पाणी,” चाखणी म्हणाली. “वर पातळ थर. डिझेल, जड वाहनाचं. बाकी काही नाही.”

सभेनं श्वास सोडला. सरपंचांनी मान डोलावली. “बघा. डंपरच.”

मयूरीनं काचेकडं बघितलं. जांभळा दिवा अजून चालू होता आणि त्याखाली तो थेंब हिरवट पिवळा चमकत होता, लग्नघरातल्या हातासारखा. ती ज्या बाजूला उभी होती तिथूनच तो दिसत होता. म्हणजे काल, ती भाकऱ्या थापत असताना, तो इथं येऊन बसला होता. ‘हळद’ हा शब्द त्यानं चाखणीच्या तोंडातून काढून घेतला होता. त्या जागी एक नवा शब्द घातला होता, आणि तोही स्वतःच्या आवाजात. कदाचित परत गोधडी डोक्यावर घेऊन.

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो तिच्याकडं बघत नव्हता. पण त्याचे ओठ हलत होते, आवाज न करता, आणि ते ‘ताई’ म्हणत होते.

“मग गळती लिहू?” फरहानाबाईंनी विचारलं. त्या कुणाला तरी अडवायची संधी देत असल्यासारख्या थांबल्या. “एकदा लिहिलं की उद्या आमची गाडी जाईल.”

गावातली माणसं मयूरीकडं बघत होती. तिच्यावर कुणाचा राग नव्हता, उलट माया होती. ‘आम्ही आहोत ना, ताई, तू नुसती गप्प बस,’ असं सांगणारी. आपापल्या कॅनसकट ती सगळी तिच्या पदराआड उभी होती. कुणालाही हे नव्यानं कळणार नव्हतं. रांगेत तो शब्द ऐकला त्याच दिवशी कळलं होतं.

पलीकडं कलावतीमावशी टँकरच्या पाण्यासाठी आणलेली रिकामी बाटली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या कुणाकडंच बघत नव्हत्या. बोटानं बाटलीचं झाकण उघडत होत्या आणि बंद करत होत्या.

मयूरी पुढं झाली. सवयीनं हात पदराला पुसले. सभेच्या या बाजूकडून त्या बाजूला गेली आणि मावशींच्या समोर, जमिनीवर, मांडी घालून बसली.

“मावशी,” ती म्हणाली, “यंत्र खोटं बोललं. त्या थेंबात हळद आहे. मी घातलेली आहे, आणि तुमच्या मालकांच्या लुनाचीपण त्यात आहे. साठा खाणीच्या तळाशी आहे, मुरमाखाली. डंपरचा नाही, सगळ्या वांगऱ्याचा आहे. आणि ते सांडलेलं नाही, मावशी. माझ्या ओंकारनं ते तुमच्या विहिरीच्या डोक्यावर ओतलंय.”